दृश्याला ‘सरावणे’ की ‘नजर तयार होणे’?

प्रश्न : एकच दृश्य पुन्हा पुन्हा पाहिल्यावर मेंदूत जो बदल होतो, त्यासाठी ‘सरावणे’ आणि ‘नजर तयार होणे’ हे शब्द समानार्थी मानावेत का?

उत्तर : मानू नयेत. ‘डोळे अंधाराला सरावले’ या वाक्यातला बदल मुख्यतः दृष्टिपटलातला असतो. तेथील प्रकाशसंवेदी द्रव्य पुन्हा साठण्यास वीस-तीस मिनिटे लागतात, त्यात शिकणे नसते. मेंदूतही एक सरावणे आहे. तेच चित्र पुन्हा समोर आले की ते ओळखणाऱ्या भागांतील चेतापेशींचा प्रतिसाद बहुधा पहिल्यापेक्षा मंद होतो. नवलाई ओसरल्याचा हा भाव ‘सरावणे’ अचूक सांगते.

‘नजर तयार होणे’ निराळे. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाताना होडीला खडकांमधून वाट काढावी लागते. भरतीत दिसेनासा झालेला खडक कुठे आहे, हे जुना तांडेल (होडीचा नाखवा) किनाऱ्यावरच्या खुणांची मांडणी पाहताच जाणतो. मात्र नेमके काय पाहिले, हे त्याला प्रत्येक वेळी सांगता येईलच असे नाही. मार्विन चुन आणि युहाँग जियांग या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असेच आढळले. अनेक आकृत्यांमधून एक ठरावीक आकृती शोधताना, पूर्वी येऊन गेलेल्या मांडणीत ती लोकांना लवकर सापडे, पण ती मांडणी पूर्वी पाहिली होती हे त्यांना ओळखता येत नसे. ‘मी खुणा पाठ केल्या’ यात कर्ता ‘मी’ आहे. ‘नजर तयार झाली’ यात कर्ता नजर आहे आणि माणसाचा हेतू कुठेच नाही. नकळत घडणाऱ्या शिकण्याला याहून नेमका प्रयोग मला मराठीत दिसत नाही.

आक्षेप : ‘सरावलेला हात’ म्हणताना आपण कौशल्यच सांगतो ना?

उत्तर : हा आक्षेप रास्त आहे आणि माझे वरचे विधान त्यामुळे अपुरे ठरते. फरक ‘ला’ या प्रत्ययात आहे. ‘खाऱ्या वाऱ्याला सरावलेला’ माणूस म्हणजे ज्याला तो वारा आता जाणवेनासा झाला आहे. ‘सरावलेला तांडेल’ म्हणजे निष्णात. म्हणून प्रतिसाद मंदावण्याविषयी लिहिताना ‘दृश्याला सरावणे’ असा पूर्ण प्रयोग करावा, प्रत्यय गाळू नये.