ओढ्यातला गाळ काढायला परवानगी कशाला?

कृष्णाकाठचा शेतकरी:
आमचं रान पलूस तालुक्यात, कृष्णेला मिळणाऱ्या ओढ्याला लागून. रस्त्याखालच्या मोरीला तीन पाइप, त्यातले दोन पाचट, प्लॅस्टिक आणि गाळानं गच्च. परवा हात घातला तर कोपरापर्यंत काळा चिखल. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. नदी उतरली, पण आमच्या रानातलं पाणी पंधरा दिवस हललं नाही. ऊस जाग्यावर कुजला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात गावात वर्गणी निघते, पोकलेन ठरतो आणि काम परवानगीपाशी अडतं. एका कार्यालयात सांगतात ओढा आमच्याकडं नाही, दुसऱ्यात सांगतात गाळ म्हणजे वाळू-मुरमासारखं गौण खनिज, आधी पर्यावरण मंजुरीचं बघा. तोवर मृग लागतो. साध्या देखभालीला ग्रामपंचायतीचा ठराव पुरे झाला पाहिजे.

भिलवडीची माहेरवाशीण:
दादा, तुमचं नुकसान कळतं, पण राग चुकीच्या ठिकाणी निघतोय. देखभालीसाठी आणि आपत्ती टाळायला गाळ काढण्याला केंद्राच्या जानेवारी 2016 च्या अधिसूचनेत पर्यावरण मंजुरीतून सूट आहे. अडवणूक होते कारण गाळाच्या नावाखाली वाळू आणि मुरूम जातो. सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये पाच हेक्टरांच्या आतल्या खाणपट्ट्यांनाही मंजुरी सक्तीची केली, ती छोट्या छोट्या उपशानं नद्या पोखरल्या म्हणूनच. शिवाय कृष्णेत मगरी आहेत. त्या फेब्रुवारी ते एप्रिल काठाच्या मऊ मातीत अंडी घालतात, पिल्लं पावसाच्या तोंडावर निघतात. तुमचा पोकलेन नेमका तेव्हाच काठावर चढतो. ठरावावर काम सोडलं तर ती घरटी कोण बघणार?

कृष्णाकाठचा शेतकरी:
ताई, त्या अधिसूचनेतली सवलतीची यादी मीही वाचलीय. धरण, जलाशय, बंधारा, नदी, कालवा एवढी नावं आहेत. ओढा त्यात बसतो हे लिहून द्यायला एकही साहेब तयार नाही. कागदावरच्या सवलतीचा मला काय उपयोग? मगरींचं म्हणाल तर काम डिसेंबरात करा म्हणणं सोपं आहे. तेव्हा ओढ्यात पाझर असतो, मशीन रुततं.

सांगलीवाडीकर:
दोघांनाही एक सांगतो. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. त्यावर नदी गेली की ओढ्याच्या तोंडातून पाणी उलटं आत शिरतं, मग ओढा साफ असो वा तुंबलेला. शहरातही नाल्यांवाटे असंच पाणी घुसतं. सफाईनं पूर थांबेल ही आशा कुणी देऊ नये. सफाईचा खरा फायदा पाणी लवकर ओसरण्यात, आणि तो मोठा आहे. पण मूळ तळाखाली एक फूटही खणलं तर काठ ढासळतात, हे मी आमच्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या रानात बघितलंय.

भिलवडीची माहेरवाशीण:
मग तळाची पातळी आधी मोजून खांब रोवा, कामानंतर गावासमोर पुन्हा मोजा, गाळ गावाबाहेर जाऊ देऊ नका. मोरी आणि वरचा भाग मार्चमध्ये साफ करायला माझी हरकत नाही. नदीकडच्या तोंडाला मात्र वन विभागाचा माणूस काठ बघून गेल्याशिवाय मशीन नको.

कृष्णाकाठचा शेतकरी:
खांब रोवायला तयार आहे, गाळही आमच्याच रानात पसरू. पण तो माणूस किती दिवसांत येईल, याची मुदत नियमात लिहा. मुदत नसेल तर मी ओढ्याचं तोंड बंद ठेवून रान बुडू देणार नाही.