प्रतिसाद : डॉ. बर्नार्ड अर्विन यांच्याविषयी

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी सैन्यातील स्थलांतरित डॉक्टरांचे काम आघाडीच्या मागे राहून मलमपट्टी करण्यापुरतेच होते, असे म्हटले जाते; त्याला छेद देणारे उदाहरण म्हणजे आयर्लंडमध्ये १८३० साली जन्मलेले आणि पुढे अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय सेवेत दाखल झालेले डॉ. बर्नार्ड अर्विन. फेब्रुवारी १८६१ मध्ये ॲरिझोनातील अपाची खिंडीत लेफ्टनंट बॅस्कम यांची साठ जणांची तुकडी अपाची या मूळ अमेरिकी जमातीचा नेता कोचीस याच्या योद्ध्यांनी वेढली, तेव्हा अर्विन स्वतःहून पुढे आले आणि अवघे चौदा सैनिक घेऊन, खेचरांवरून, हिमवादळात सुमारे शंभर मैल कापून तेथे पोहोचले. या कामगिरीबद्दल त्यांना 'मेडल ऑफ ऑनर' हे अमेरिकेचे सर्वोच्च लष्करी शौर्यपदक मिळाले, तेही १८९४ साली. मुळात १८६१ च्या फेब्रुवारीत हे पदक अस्तित्वातच नव्हते.

मात्र या प्रसंगाची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण त्याच मोहिमेच्या अखेरीस सैन्याने ओलीस ठेवलेल्या अपाचींना फाशी देण्यात आली आणि त्या निर्णयात अर्विन यांचाही वाटा होता. रुग्णसेवेची शपथ घेतलेल्या माणसाच्या बाबतीत हे मला खटकते.

वैद्यकाच्या दृष्टीने मला त्यांचे अमेरिकी यादवी युद्धातल्या शायलोच्या लढाईतील काम अधिक मोलाचे वाटते. एप्रिल १८६२ मध्ये त्यांनी रणांगणावरील तंबू ताब्यात घेऊन, विखुरलेल्या जखमींना एकाच व्यवस्थेखाली आणणारे तंबू-रुग्णालय उभारले. अशा प्रकारच्या पहिल्या रणरुग्णालयांत त्याची गणना होते.