पॅकरने तयार केलेल्या इमेज मध्यवर्ती ठिकाणी कशा ठेवाव्यात?

आषाढघन:
आम्ही पॅकर या मशीनच्या इमेज बनवणाऱ्या साधनाच्या एकाच टेम्प्लेटमधून उबुंटूचा व्हेग्रंट बॉक्स (स्वतःच्या संगणकावर आभासी मशीन सुरू करणाऱ्या व्हेग्रंटसाठीची इमेज-फाइल) आणि एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवरची एएमआय (तिथले सर्व्हर सुरू करण्याची इमेज), अशा दोन्ही गोष्टी तयार करतो. बॉक्स सुमारे ६ जीबीचा असून तो ऑफिसच्या सामायिक ड्राइव्हवर ठेवला जातो, त्यामुळे कोणाकडे कोणती आवृत्ती आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही. बिल्ड संपताच अपलोड आपोआप व्हावे आणि पुणे व नाशिक येथील सहकाऱ्यांना एकाच पत्त्यावरून बॉक्स घेता यावा, अशी अपेक्षा आहे. पॅकर व व्हेग्रंट बनवणाऱ्या हॅशिकॉर्पची बॉक्स ठेवण्याची तयार सेवा घ्यावी की एडब्ल्यूएसच्या एस-थ्री या साठवण सेवेत स्वतःची बकेट (साठवणीची जागा) वापरावी? तयार सेवेचा पोस्ट-प्रोसेसर (इमेज बनल्यानंतर चालणारी पॅकरमधील पायरी) जोडून पाहिला, परंतु व्हेग्रंट पोस्ट-प्रोसेसरने बनवलेला बॉक्सच हवा, असे सांगून तो थांबतो.

गिरिपुष्प:
त्रुटीचे कारण बहुधा मांडणीत आहे. एचसीएल या हॅशिकॉर्पच्या भाषेत लिहिलेल्या टेम्प्लेटमध्ये 'पोस्ट-प्रोसेसर' असे एकवचनी ब्लॉक सुटे लिहिले, तर प्रत्येकाला बिल्डरचा मूळ आर्टिफॅक्ट (इमेज बनवणाऱ्या पायरीतून निघालेली फाइल) मिळतो, म्हणजे अपलोड करणाऱ्याच्या हाती बॉक्स येतच नाही. दोन्ही ब्लॉक 'पोस्ट-प्रोसेसर्स' या अनेकवचनी ब्लॉकच्या आत, आधी व्हेग्रंट आणि मग अपलोड, या क्रमाने ठेवा.

एएमआयचा विचार मात्र वेगळा करावा. ती एडब्ल्यूएसच्या खात्यातच राहते. आपल्याला फक्त एडब्ल्यूएसच्या कोणत्या रीजनमध्ये (भौगोलिक विभागात) कोणता आयडी तयार झाला याची नोंद हवी असते. मॅनिफेस्ट पोस्ट-प्रोसेसर ती नोंद जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपातील फाइलमध्ये लिहितो. एचसीपी पॅकर ही हॅशिकॉर्पची दुसरी सेवासुद्धा इमेजची माहितीच ठेवते, प्रत्यक्ष इमेज नव्हे, त्यामुळे ती घेतली तरी बॉक्ससाठी जागा शोधावीच लागेल.

कातळवाट:
बॉक्ससाठी मी स्वतःच्या बकेटचाच आग्रह धरेन. हॅशिकॉर्पच्या अ‍ॅटलस या जुन्या सेवेवर बॉक्स ठेवणाऱ्यांना २०१७ मध्ये व्हेग्रंट क्लाउडकडे वळावे लागले होते, आणि सेवा अशी बदलली की टेम्प्लेट, टोकन व पत्ते सगळेच बदलण्याची वेळ येते. व्हेग्रंटला आवृत्त्या समजण्यासाठी बॉक्सचे नाव, आवृत्ती, प्रोव्हायडर (आभासी मशीन चालवणारे सॉफ्टवेअर), फाइलचा पत्ता आणि चेकसम (फाइल शाबूत आहे का हे तपासण्याची खूण) सांगणारी एक जेसन फाइल पुरते. व्हेग्रंटफाइल या व्हेग्रंटच्या सेटिंग्जच्या फाइलमधील 'बॉक्स_यूआरएल' तिच्याकडे वळवा.

एस-थ्रीवर एका विनंतीत ५ जीबीपर्यंतच फाइल चढवता येते, म्हणून तुमच्या बॉक्सला मल्टिपार्ट (तुकड्यातुकड्यांनी होणारे) अपलोड लागेल. एडब्ल्यूएसच्या कमांड लाइनवरील 'एस-थ्री सीपी' ते आपोआप करते. मध्येच तुटलेल्या अपलोडचे तुकडे बकेटमध्ये दिसत नाहीत, पण त्यांचे भाडे चालूच राहते, त्यामुळे अपूर्ण अपलोड काही दिवसांनी पुसणारा लाइफसायकल नियम पहिल्याच दिवशी लावा. शिवाय आधी बॉक्स पूर्ण चढवून त्याचा एसएचए-२५६ चेकसम तपासावा आणि जेसन फाइल सर्वांत शेवटी बदलावी. क्रम उलटा झाला तर नाशिकचा सहकारी अजून न पोहोचलेली फाइल मागत बसेल.

आषाढघन:
दोघांचेही मनापासून आभार. प्रत्येक बिल्ड चढवावे काय? आणि बकेट खाजगी ठेवता येईल काय?

गिरिपुष्प:
प्रत्येक बिल्ड चढवण्यास हरकत नाही, मात्र ते लगेच सर्वांसाठी खुले करू नये. तयार सेवेत त्यासाठी 'नो_रिलीज' हा पर्याय आहे. स्वतःच्या बकेटमध्ये नवा बॉक्स सुरू करून तपासल्यावरच जेसनमध्ये त्याची नोंद करावी. बॉक्स बांधण्यापूर्वी एसएसएचच्या होस्ट की (दूरस्थ लॉगिनसाठी मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) काढून टाका, मशीन-आयडीची (प्रत्येक मशीनच्या वेगळ्या ओळख-क्रमांकाची) फाइल रिकामी करा आणि बिल्डसाठी वापरलेले टोकन आत राहिलेले नाही हे पाहा, कारण एकदा सहकाऱ्यांनी उतरवून घेतलेला बॉक्स परत मागवता येत नाही. डिस्कवरील मोकळी जागा शून्यांनी भरून घेतली, तर बॉक्सचा आकारही बराच उतरतो.

कातळवाट:
व्हेग्रंट साध्या एचटीटीपीएसने फाइल ओढतो, त्याला स्वतःहून एडब्ल्यूएसची सही (विनंती कोणाची हे सिद्ध करणारी खूण) जोडता येत नाही. म्हणून बकेट सर्वांना खुली न करता, बकेट पॉलिसीमध्ये दोन्ही ऑफिसांच्या ठरावीक आयपी पत्त्यांनाच वाचण्याची परवानगी द्यावी. लिहिण्याची परवानगी फक्त बिल्ड सर्व्हरला दिलेल्या भूमिकेकडे (एडब्ल्यूएसमधील 'रोल', म्हणजे परवानग्यांचा संच) असू द्या.