थंडीत शेड शिवून टाका म्हणणाऱ्यांसाठी

मेढ्याचा_गावरान
काल इथं एकानं लिहिलं : 'महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दव गोठलंय. पोल्ट्रीवाल्यांनो, चारी बाजूंनी ताडपत्री शिवून टाका, आढ्याची फट थर्माकोलनं बुजवा, आत दोनशेचे बल्ब लावा. कोंबडी उबेत, मालक झोपेत.' त्यावर वाहवांचा पाऊस पडलाय, म्हणून हे लांबण लावतोय.

कोंबडीचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास तापलेलं असतं, वरनं पिसं. मोठी कोंबडी कोरडी असेल आणि वारा थेट अंगावर येत नसेल तर आपल्या जावळीतली थंडी तिचं काही वाकडं करत नाही. तिला मारते ती ओल. हजार मोठ्या कोंबड्या दिवसाला दोनशे-अडीचशे लिटर पाणी पितात. त्यातलं बरंचसं श्वासातून आणि विष्ठेतून त्याच शेडात परत येतं. शेड शिवलं की रात्रीत पत्र्याला आतून घाम सुटतो, पहाटे तो खाली अंथरलेल्या तुसाच्या गादीवर ठिबकतो, तूस भिजतं, अमोनिया सुटतो. मग डोळ्यांना पाणी, घरघर, अंडी कमी आणि औषधवाल्याची दिवाळी.

वारा अंगावर नको, पण हवा डोक्यावरून खेळायलाच पाहिजे. पडद्याची खालची कड जोत्याच्या भिंतीला घट्ट बांधा, वरची दोरीवर घ्या, म्हणजे वर फूटभर मोकळं राहतं. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी उलटं : वरनं खाली सोडलेला पडदा. खालच्या फटीतून वारा थेट पोटाला आणि वरची घाण हवा कोंडलेली.

करारवाला_कराड
दादा, परसात दहा-वीस गावरान पाळणाऱ्यानं पाच हजार पाखरांच्या ब्रॉयलर शेडला अक्कल शिकवू नये. ब्रॉयलरला पिसं कुठली? चाळीस दिवसांत दोन किलोचं पाखरू, अर्धं अंग उघडं. पहिल्या आठवड्यात पिलाला ३३-३५ अंश लागतात. तुमची फूटभर फट ठेवली तर पिलं एका कोपऱ्यात ढीग करून गुदमरून मरतील. मेलेली मोजायला तुम्ही येणार का?

आणि बंद शेड वाईट, तर ईसी शेड, ते यंत्रानं हवा-तापमान सांभाळणारं, काय असतं? चारी बाजूंनी बंदच की!

मेढ्याचा_गावरान
ईसी शेड बंद असतं, हवाबंद नसतं. त्याला एका टोकाला हे मोठमोठे पंखे असतात आणि कडाक्याच्या थंडीतसुद्धा ते टायमरवर दर काही मिनिटांनी फिरतात, खास ओल आणि अमोनिया बाहेर काढायला. तुमच्या ताडपत्रीला पंखा आहे का?

पिलांचं म्हणाल तर मी 'मोठी कोंबडी' लिहिलंय, परत वाचा. ब्रूडिंगला, म्हणजे पिलं उबेत ठेवायला, शेडचा एक खण बारदानानं वेगळा करा, आत चिकगार्डचं गोल कुंपण, ऊब त्या गोलात. दर आठवड्याला तीनेक अंश उतरवत आणा. सगळं शेड कशाला कोंडायचं?

आपशिंगे_निवृत्त
मी पोल्ट्रीवाला नाही, फौजी आहे. लडाखला उणे वीसमध्ये बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, पेटवून झोपायचो. पहिला हुकूम कुठला? झरोका उघडा. बुखारीचा विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही, माणूस झोपेतच जातो. आमच्या भावकीत एकानं पिलांच्या खणात कोळशाची शेगडी ठेवली आणि पडदे शिवून टाकले. सकाळी सगळी पिलं शेगडीभोवती झोपल्यासारखी. तो अजून म्हणतो, थंडीनं मेली.

करारवाला_कराड
फौजी काका, मान आहे तुमचा. पण कोंबड्यांना आता रमपण द्यायची का?

आपशिंगे_निवृत्त
चेष्टा करायची तर तुझ्या शेडात जाऊन खाली बस आणि गादीपासून एक फुटावर नाक धर पाच मिनिटं. तू उभ्यानं वास घेतोस. कोंबडी चोवीस तास खालीच असते. मग ये रम मागायला.

पलूसचा_जुना
खरंय. आपल्याला वास जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो. अमोनिया २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत पंचवीस) वर गेला की पाखराच्या श्वासनळीचं अस्तर जळायला लागतं. आणि ज्याला त्याला सांगणं, ओल्या गादीत चुना टाकू नका. चुन्यानं गादी कोरडी दिसते, पण अमोनिया आणखी उसळतो. सुपर फॉस्फेट टाका आणि रोज हलवा.

करारवाला_कराड
आमच्या आजोबांपासून चुना टाकतोय.

पलूसचा_जुना
आजोबांच्या काळात शेड चारी बाजूंनी उघडं होतं, तात्या. म्हणून खपला चुना.

दहिवडीची_मावशी
तुमचं चालू द्या. आमच्याकडं माणात दिवसा चटके आणि रात्री दात वाजतात. माझ्या खुराड्याला मागं दगडी भिंत, तोंड दक्षिणेला, पुढं जाळी. भिंतीत वर, पत्र्याच्या खाली, विटा सोडून भोकं ठेवल्यात, त्याला आतून बारीक जाळी, कारण मुंगूस आणि रानमांजर तुमचा फलक वाचून येत नाही. बसायला गोल बांबू देऊ नका. चार बोटं रुंद फळी द्या. पंजा सपाट टेकतो आणि पोटाची पिसं वरनं बोटं झाकतात, कोंबडी स्वतःच स्वतःचं पांघरूण होते. फळी भोकांच्या खाली, झोताच्या वाटेत नाही. बल्बचं खूळ सोडा. शेजारणीचं खुराडं बल्ब तुसात पडून पेटलं.

वाईचा_विनिपेगला
मावशी बरोबर बोलल्या. इथं विनिपेगला जानेवारीत उणे तीस सहज होतं. शेजाऱ्याच्या खुराड्याला दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत वर झडपा आहेत, हिवाळाभर उघड्या. भिंतीत जाड इन्सुलेशन, खाली वाऱ्याला एक फट नाही. इथं कोंबडीचा तुरा टोकाला काळा पडतो, हिमदंश. आणि तो कोरड्या थंडीपेक्षा कोंदट खुराड्यात लवकर होतो, ओला तुरा आधी गोठतो म्हणून. बुटक्या तुऱ्याच्या जाती टिकतात. खरी डोकेदुखी पाण्याची, भांड्याखाली तापणारी थाळी लागते.

करारवाला_कराड
कॅनडाची हवा कोरडी. आमच्याकडं कृष्णाकाठी पहाटे धुकं. वर फट ठेवून धुकंच आत घेऊ का?

वाईचा_विनिपेगला
थंड हवेत बाष्प मावतंच कमी. ती आत येऊन कोंबड्यांच्या उबेनं तापली की आतली ओल शोषते आणि वरनं निघून जाते. धुक्याच्या दिवशीसुद्धा. अगदी दाट धुक्यात तास-दोन तास वाऱ्याकडची बाजू लावा, दुसरी उघडी ठेवा.

करारवाला_कराड
हे सगळं मला कळत नाही असं वाटतंय काय? मी पडदे का लावतो ते ऐका. पिलं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, पाणी, लाईट, तूस, मजुरी माझी. मला मिळतो किलोमागं ग्रोइंग चार्ज. थंडीत पाखरू ऊब टिकवायला जास्त खातं, एफसीआर (किलोभर वजनाला किती खाद्य लागलं तो हिशेब) बिघडतो, की लगेच कपात. सुपरवायझर येतो, गाडीतून न उतरता सांगतो, 'पडदे पाडा, खाद्य उडतंय.' घरघर लागली की तोच म्हणतो, 'हवा कोंडली, तुमची चूक.' गेल्या हिवाळ्यात पोटात पाणी होऊन पाखरं मेली, त्याचीही कपात माझीच. आता सांगा, फट कुणाच्या पैशानं ठेवू?

आटपाडीचा_आप्पा
हा खरा मुद्दा बोललास! फट गेली खड्ड्यात, कराराचं बोला. तूस कुणी द्यायचं? मळी होईपर्यंत तीच गादी का ओढतो आम्ही? कारण नवीन तूस माझ्या खिशातनं.

पलूसचा_जुना
लिफ्टिंगला, म्हणजे तयार पाखरं उचलून न्यायला, कंपनीवाले चार दिवस उशीर करतात, तेवढ्यात पाखरू किलोभर खाद्य जास्त खातं, तेही आमच्याच एफसीआरला.

आटपाडीचा_आप्पा
किलोभर नाही, पण पाऊण तरी! वजनकाटा कुणाचा? त्यांचा. बिल कधी? त्यांच्या मर्जीनं.

दहिवडीची_मावशी
२०१९ला कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेवाल्यांनी इस्लामपूर भागात लोकांना कसं फसवलं ते बघूनही लोक सह्या करतात.

करारवाला_कराड
मावशी, कडकनाथ आणि ब्रॉयलर एका तागडीत नका घालू. तिकडं आधी पैसे भरायचे होते. आम्ही शेडासाठी कर्ज काढलंय, बँकेचा हप्ता दर महिन्याला आहे. सही नाही केली तर शेडात काय, भजन करू?

आटपाडीचा_आप्पा
सगळ्यांनी मिळून एक बॅच नाकारा, मग बघा.

करारवाला_कराड
पहिला तू नाकार.

मेढ्याचा_गावरान
आप्पा, धागा थंडीतल्या हवेचा होता. पण कराडकरांची गोष्ट पटली : त्यांच्या हातात पडदा आहे, हिशेब नाही. तरी ते पोटातलं पाणी नुसत्या थंडीचं नसतं. झपाट्यानं वाढणाऱ्या पाखराला ऑक्सिजन जास्त लागतो, थंडीत आणखी जास्त, आणि नेमकी तेव्हाच आपण हवा कोंडतो. हृदयावर ताण येतो, पोटात पाणी भरतं. वरची फूटभर फट झेपत नसेल तर रात्री अर्धा फूट, ऊन चढलं की पूर्ण उघडा.

करारवाला_कराड
बरं, बरं. महाराज सांगतात म्हणून पुढच्या बॅचला तीन आठवड्यांनंतर अर्धा फूट सोडतो, तोही एकाच खणात. वजन बसलं नाही तर कपातीचं पत्र मेढ्याला पाठवीन. पत्ता द्या.

दहिवडीची_मावशी
दोन्ही खणांचं वजन वेगळं कर म्हणजे झालं. आणि पडदा उलटा बांध आधी.

करारवाला_कराड
दोरी बांधायला पण मावशीच या.

आटपाडीचा_आप्पा
तुसाचं कुणीच बोलत नाहीये.