जुन्या टीव्ही बॉक्सवर लिनक्स टाकून घरचा फाइल सर्व्हर होईल का?

कोथरूडकर: स्मार्ट टीव्ही आल्यापासून एस९०५डब्ल्यू चिपचा अँड्रॉइड बॉक्स धूळ खात पडलाय. रॅम २ जीबी. आईबाबांचे फोटो आणि बाबांची नाट्यगीतं घरात सगळ्यांना दिसावीत, एवढंच हवंय. आर्मबियन (अशा छोट्या बॉक्ससाठीचं लिनक्स) एसडी कार्डावर टाकलं, पण बॉक्स सरळ अँड्रॉइडच उघडतो.

जुनाट_पेंग्विन: अशा बऱ्याच बॉक्सांत एव्ही लिहिलेल्या भोकात आत रिसेटचं बटण असतं. टूथपिकनं हळूच दाबून धरा, मग पॉवर लावा. टिक् असं जाणवलं पाहिजे. त्याआधी कार्डावरच्या एक्स्टलिनक्स.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये तुमच्या चिपच्या डीटीबी फाइलचं (बॉक्समधलं हार्डवेअर लिनक्सला सांगणारी फाइल) नाव लिहा, नाहीतर पडदा काळाच राहील. आतल्या ईएमएमसीला (बॉक्सची स्वतःची मेमरी, जिथे अँड्रॉइड असतं) इतक्यात हात लावू नका. कार्ड काढलं की अँड्रॉइड परत, हीच तर मजा आहे.

कोथरूडकर: चाललं! सांबाही (घरातल्या नेटवर्कवर फाइली दाखवणारा प्रोग्राम) बसवला. पण कॉपी सेकंदाला ११ एमबीच्या वर जातच नाही.

जुनाट_पेंग्विन: जाणारही नाही. लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचं आहे; ८ बिटांचा एक बाइट, म्हणून ८ नं भागा की साडेबारा एमबी, त्यातलं थोडं नेटवर्कच्या कामातच जातं. नाट्यगीतांना ते रग्गड झालं. खरी डोकेदुखी वीज: हार्डडिस्क थेट यूएसबीला लावाल तर मधेच गळपटेल. स्वतःचा अ‍ॅडाप्टर असलेला हब घ्या आणि डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल ठेवायची पद्धत) मध्ये फॉरमॅट करा, त्याआधी तिच्यावरचं सगळं दुसरीकडे काढून ठेवा.

नवखा: फोटोंची एकच प्रत तिथे ठेवली तर चालेल?

जुनाट_पेंग्विन: अजिबात नाही. दुसरी डिस्क कपाटात हवीच.