जुन्या बाजारात अमोनाईट बघितलाय, घेऊ का?

दगडू_कोथरूड: मंडळी, जुन्या बाजारात एकाकडे तळहाताएवढा अमोनाईट (नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचा दगड झालेला चक्राकार शंख) आहे, मधोमध कापून पॉलिश केलेले दोन भाग, आत मधाच्या रंगाचे कप्पे. विकणारा म्हणतो सिंहगडाच्या पायथ्याशी सापडला आणि लगेच म्हणतो हा शाळीग्रामच, देवघरात ठेवा 😄 अडीच हजार सांगतोय. खरा असेल का?

पेठेतला_भूगर्भवाला: सिंहगडाचं सोडून द्या हो, इथे सगळा लाव्हाचा बेसाल्ट, त्यात समुद्रातला प्राणी येणार कुठून? वाघोलीच्या खाणीत कॅव्हन्साईट, स्टिल्बाईट मिळतं, पण ती खनिजं झाली. वर्णनावरून माल मादागास्करचा वाटतो, साधारण ११ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तिथून असे कापलेले जोड ढिगाने येतात म्हणून उलट तो खरा असायचीच शक्यता जास्त, नकली बनवायला कोण बसणार. तरी भिंग न्या. कप्प्यांच्या भिंती बाकदार हव्यात, बाहेरच्या वेढ्याकडे जाताना कप्पे मोठे होत जातात आणि तोंडाकडच्या शेवटच्या भागात भिंतीच नसतात कारण प्राणी तिथे राहायचा. दोन्ही भागांतल्या भिंती आरशातल्यासारख्या जुळतात का ते नीट बघा. नकली, म्हणजे रेझिनचा (प्लास्टिकसारखा पदार्थ) असेल तर हाताला हलकं आणि कोमट लागतं, बारीक बुडबुडे पण दिसतात.

मुळामुठा७: व्हिनेगर टाकून बघा की

पेठेतला_भूगर्भवाला: अजिबात नको! कप्प्यांतलं कॅल्साईट (चुन्याचं खनिज) फसफसतं हे खरं, पण संगमरवराची भुकटी घालून केलेला नकली पण फसफसेल, आणि पॉलिश गेलं की तो माणूस तुमच्याच गळ्यात मारणार.

सदाशिवकाकू: शाळीग्राम काळा असतो रे, नेपाळात काळी गंडकीत मिळतो. आमच्याकडे सासूबाईंच्या वेळेपासून आहे, त्यातलं चक्र म्हणजे अमोनाईटच, पण ते जुरासिक काळातलं, तुझ्या मधाळ तुकड्याहून जुनं. देवघरात ठेवायला माझी ना नाही, फक्त शाळीग्राम म्हणून जादा पैसे देऊ नकोस.

कच्छरिटर्न: घेतलास तर सोबत चिठ्ठी ठेव, "मादागास्कर, बहुधा". ठिकाण माहीत नसलेला नमुना म्हणजे नुसता शोपीस, माझ्या मते तरी. कच्छच्या अमोनाईटवर आपल्या पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत बरंच काम झालंय, ते लोक पण आधी कुठला थर हेच विचारतात. आणि भाव निम्म्यावर आण.

दगडू_कोथरूड: भारी! रविवारी भिंग घेऊन जातो, बाराशेपासून सुरू करतो.