जठराचे 'शिथिलन' : सैल पडणे की सैल सोडणे?

प्रश्न : प्राण्यांच्या पचनसंस्थेवरील मजकूर मराठीत आणताना मी 'घास गिळताच जठराचे स्नायू शिथिल होतात' असे लिहिले. ते वाचून घरातून विचारणा झाली, की जेवायला बसल्याबरोबर जठर थकते कसे? परिभाषेत रुळलेला 'शिथिलन' हा शब्द येथे ठेवावा, की बदलावा?

उत्तर : शब्द ठेवावा, क्रियापद मात्र बदलावे, असे माझे मत आहे. गात्रे शिथिल होतात तेव्हा त्यांतले बळ गेलेले असते, परंतु निर्बंध शिथिल केले जातात तेव्हा त्यामागे कोणाचा तरी आदेश असतो. दोर सैल पडणे आणि दोर सैल सोडणे यांत जो फरक आहे, तोच हा. जठराचा वरचा भाग घासासाठी जागा करतो तो आदेशाने. मेंदूपासून जठरापर्यंत जाणाऱ्या व्हेगस (प्राणेशा) तंत्रिकेत, म्हणजे नसेत, जठराला सैल सोडणारे तंतूही असतात, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ लँग्ली यांनी १८९८ मध्ये दाखवले, आणि गिळण्याबरोबर होणाऱ्या या क्रियेचे वर्णन कॅनन व लीब यांनी १९११ मध्ये केले. जठराच्या भित्तीतील तंत्रिका त्या वेळी नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्ये सोडतात व त्यांमुळे स्नायूंचा ताण उतरतो. म्हणून 'तंत्रिका जठराचा वरचा भाग शिथिल करतात' असे लिहावे, म्हणजे कर्ता वाक्यात दिसेल आणि थकव्याची शंका उरणार नाही.

हालचालीबाबत मात्र 'तंत्रिकांचे नियंत्रण' म्हणण्यापेक्षा 'नियमन' बरे. जठराच्या खालच्या भागातील लाटांचा ठेका तेथील विशिष्ट पेशीच धरतात. तो माणसात मिनिटाला सुमारे ३, तर कुत्र्यात सुमारे ५ असतो. लाट जोरकस व्हावी की क्षीण, एवढेच तंत्रिका ठरवतात.

आणखी एक उत्तर : वरील भेद कुत्र्यामांजरांना लागू आहे, गाईम्हशींच्या बाबतीत मात्र मी 'नियंत्रण' हाच शब्द वापरेन. कोठीपोटाची (रवंथ करणाऱ्या जनावरांच्या जठराच्या पहिल्या, मोठ्या कप्प्याची) क्रमवार आकुंचने मेंदूकडून व्हेगसमार्गे येणाऱ्या संदेशांवरच चालतात आणि दोन्ही बाजूंच्या व्हेगस तोडल्यास ती थांबतात. निरोगी गाईच्या डाव्या भकाळीत (बरगड्यांमागच्या खळग्यात) मूठ दाबून धरली, तर मिनिटाला एकदोनदा ती आतून उचलली जाते. गोठ्यात याला सरळ 'पोट हलते' म्हणतात, आणि तेथे 'चलनशीलता' हा परिभाषेतला शब्द वापरण्याची काही गरज नाही. ढेकर येतानाही अन्ननलिकेचे जठराकडील तोंड सैल सोडले जावे लागते, नाहीतर वायू कोंडून भकाळी फुगते; तेव्हा 'सैल सोडणे' हा आपला पर्याय येथेही चपखल बसतो. 'कोठीपोट' हा शब्द काही जण 'कोटीपोट' असा लिहितात. साठवणीची कोठी मनात आणणारे पहिले रूप मला अधिक सार्थ वाटते.